घट्टे

सरकारी नोकरी विद्वत्तेने मिळत नाही आणि वशिल्यानेही मिळत नाही; ती तपश्चर्येने मिळते, असं कारभारीनानांचं ठाम मत होतं आणि खैरवाडीत ते हात जोडून ऐकलं जाई. स्वतः नाना नाशिक रोडच्या एका कचेरीत शिपाई म्हणून चिकटले ते आधीच्या शिपायाला कावीळ झाली म्हणून. पण ती गोष्ट जुनी झाली होती, आणि कावीळ झालेला माणूस काही खैरवाडीचा नव्हता.

नानांचा अधिकार वेगळाच होता. कचेरीत मुलाखती निघाल्या की साहेबांच्या दाराशी स्टुलावर बसून नावं पुकारायचं काम त्यांच्याकडे असे. माणूस आत जाताना कसा दिसतो आणि बाहेर येताना कसा दिसतो, हे त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. मधल्या वेळात काय होतं, ते त्यांनी अंदाजाने बसवलं होतं. त्या अंदाजाच्या बळावर भावकीतली दोन-तीन पोरं आजवर मुलाखतीला जाऊन आली होती. आली म्हणजे परतच आली. पण पोरांनीच नानांचं नीट ऐकलं नसणार, यावर गावाचं एकमत होतं.

बहात्तर साली पाऊस झाला नाही. विहिरींनी तळ दाखवला, बाजरी वीतभर होऊन करपली, आणि नांदगाव तालुक्यातला धडधाकट माणूस सरकारच्या खडीवर जाऊन बसला. त्याच हिवाळ्यात, संक्रांतीला, नाना गावी आले ते चुलतभाऊ सावळीरामच्या ओट्यावर बातमी घेऊनच टेकले. मनमाडला सरकारी धान्याचं नवं गोदाम उभं राहत होतं. कामगार भरायचे होते. कायम. वर्षाला दोन गणवेश.

“वाल्मीकचा अर्ज घालून टाकला म्यां,” नाना म्हणाले. “आता पुढलं तुमच्या हातात हे. सायेब पयले काय पाहतो, सांगा.”

“तोंड,” सावळीरामची बायको कुसाबाई म्हणाली.

“तोंड नाय. हात. आत गेल्यावर मानूस नमस्कार करतो. नमस्कार केल्यावर पुढं काय येतं? हातच ना? सायबाचा हात कसा असतो? लोण्यावानी. त्याला तसाच हात दिसला का मानूस आपल्यातला वाटतो. खरबरीत दिसला का तो म्हणतो, हा शेतकरी. ह्याला शेत हे, ह्याला नोकरी कशाला?”

सावळीरामने आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. मग म्हणाला, “पर कारभारी, कामगार म्हणतोस. तिथं हातानं काय करावं लागत आसंल...”

“सावळीभाऊ, हातानं काम करणारा सरकारी मानूस तू कधी पाहिला का?”

सावळीरामने आठवून पाहिलं. तलाठी, ग्रामसेवक, मास्तर, खडीवरचा ओव्हरसियर. त्याला कबूल करावं लागलं, की पाहिला नाही.

हे सगळं चुलीपाशी सिंधूच्या कानावर पडत होतं. सिंधू ही या घरची सून, वाल्मीकची बायको. दिवसभर खडी फोडून ती नुकतीच आली होती, आणि भाकरी थापताना मनगट दुखलं की हात बदलत होती. तिचं नानांच्या बोलण्यावर काही म्हणणं नव्हतं. तिला एकच ठाऊक होतं. नोकरी मिळाली नाही तर पुढच्या दसऱ्याला ऊसतोडीची गाडी येईल, आणि नवरा-बायकोला जोडीनं गोदेकाठी उतरावं लागेल. एक हंगाम ती जाऊन आली होती. पहाटेचं दव पडलेलं ओलं पाचट, चिरलेली बोटं, ट्रकला लावलेली फळी आणि डोक्यावर मोळी. त्या फळीवरच तिचं पहिलं पोर सातव्या महिन्यात गेलं होतं. मुकादमाने दुसऱ्या दिवशी विचारलं होतं, बाई आज कामावर का नाही.

ऊस सोडून काहीही. लोण्यासारखे हात तर लोण्यासारखे.

दुसऱ्या दिवसापासून वाल्मीकचं काम बंद झालं. मॅट्रिकला दोनदा बसलेला, अंगापिंडाने बरा, कामाला कधी नाही न म्हणणारा गडी. पण त्याला पाणी शेंदायची बंदी झाली, कुऱ्हाडीची बंदी झाली, बैलांना वैरण टाकायचीही बंदी झाली. त्याच्या वाटणीचं पाणी सिंधूने खडीवर जायच्या आधी आणायचं आणि सरपण आल्यावर. कालवणाला तेलाचा थेंब मिळत नव्हता. पण कुसाबाई रोज सकाळी लेकाच्या तळहातांना करडईचं तेल चोळी आणि त्याला भिंतीच्या सावलीला बसवी. तो गुडघ्यांवर हात उताणे ठेवून बसे. येणारे-जाणारे थांबून पाहत. लोणचं मुरतंय का पाहावं तसं.

“कसं काय वाल्मीक?” कोणी विचारी.

“ठीक आहे,” वाल्मीक म्हणे. कारण ‘हाय’ आणि ‘हे’ बंद करून ‘आहे’ म्हणायचं, हाही नानांचा नेम होता. घरातही तो तसाच बोले. “मला अर्धी भाकर वाढ. कालवण तिखट आहे.” सिंधूला वाटे, घरात कोणी परका पाहुणा उतरलाय आणि तो जायचं नाव काढत नाही.

संध्याकाळी मुलाखतीची रंगीत तालीम होई. सावळीराम साहेब. तो पागोटं सारखं करून ओट्यावर बसे. वाल्मीक शेळीच्या खोपटातून वाकून बाहेर येई, कारण दार म्हणावं असं तेवढंच होतं.

“नमस्कार साहेब. माझे नाव वाल्मीक सावळीराम आहे.”

“शेती किती?”

“चार एकर. कोरडवाहू आहे.”

“मंग ती कोन पाहतं?”

“वडील पाहतात.”

“आन तू काय करतो?”

वाल्मीक अडखळला. या प्रश्नाचं उत्तर नानांनी दिलेलं नव्हतं. “मी तयारी करतो आहे.”

“बाप तिकडं मरू ऱ्हायला, बायको खडी फोडू ऱ्हायली, आन तू हाताला तेल लावून तयारी करतो? चाल, ऊठ. नीघ हिथून!”

“आवं, तुमी सायेब हे ना!” कुसाबाई ओरडली.

“सायेब हे म्हनूनच बोललो. घरी कुढं बोलाया मिळतं?”

त्या दिवशी वाल्मीकला नोकरी मिळाली नाही. पुढेही एक-दोनदा सावळीरामने त्याला नापास केलं. मग कुसाबाईने साहेब बदलला आणि स्वतः बसायला लागली. ती फक्त “जेवला का?” एवढंच विचारी आणि नोकरी देऊन टाकी.

मनमाडच्या मुलाखतीला वाल्मीक धुतलेला सदरा घालून, हात घामेजू नयेत म्हणून ते सुटे धरून, चिमाजीच्या सायकलवर मागे बसून गेला. चिमाजी शेजारचा, दोन विहिरींचा धनी. वाल्मीक परत आला तो पायी. त्याने भाकर खाल्ली, हात धुतले आणि पडून राहिला. दोन दिवस ‘आहे’ नाही आणि ‘हाय’ही नाही.

तिसऱ्या दिवशी सिंधू पीठ मळत होती. तो तिच्याजवळ येऊन बसला आणि आपणहून सांगायला लागला. गोदामाच्या फाटकाशी जत्रा होती. सगळा तालुका लोटला होता, येवल्याकडचीसुद्धा माणसं होती. दुपार कलली तेव्हा त्याचं नाव आलं. आत दोन साहेब. नमस्कार केला तर त्यातला जाडा म्हणाला, हात दाखव.

“मला वाटलं, जिंकली,” वाल्मीक म्हणाला. “नाना म्हनले व्हते तेच सायेब म्हनला. म्या दोनी हात पुढं केले. त्यानं आंगठ्यानं दाबून पाहिलं, आंबा दाबत्यात तसं. दुसऱ्याला म्हनला, हे पाहा. मंग मला इचारलं, काय काम करतोस?”

“मंग?”

“म्या म्हनलो, काहीच करत नाही साहेब. घरचे लोक करू देत नाहीत.”

सिंधूचे हात पिठात थांबले.

“दोघं लय हासले. बाहेरचा शिपाई बी हासला. जाडा म्हनला, बाळा, हितं पोती उचलायची असत्यात. घट्टे पाहिजेत घट्टे. तुला मेंदी काढून पाठवला असता तरी चाललं असतं.”

सिंधूने हात पिठातून बाहेर काढले नाहीत, तसेच ठेवले. तिच्या तळहातांवर बोटांच्या बुडाशी ओळीने घट्टे होते, आणि अंगठ्यापाशी एक इतका जुना होता की सुई टोचली तरी कळत नसे. ते हात देशातल्या कुठल्याही गोदामाच्या परीक्षेला उतरले असते. पण बाईमाणसाची भरती निघाली नव्हती.

शिमग्याला नाना आले. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली.

“म्या काय म्हनलो व्हतो? सायेब हात पाहतो. पाहिला का नाय?”

हे मात्र कोणालाच नाकारता येईना.

“आता दुसरी भरती निघंल. निम्म्या जागा भरल्याच नाय त्यांनी, वरून कागद आला का भरतील. तवर घट्टे पाहिजेत. तपश्चर्या तीच, फक्त दिशा बदलायची.”

वाल्मीकला खडीवर बसवला. बाप्ये तिकडे तलावाच्या खोदाईवर होते. पण फावड्यापेक्षा हातोडीने घट्टा लवकर धरतो, असं नानांनी ठरवून टाकल्यामुळे तो बायकांच्या रांगेत, सिंधूच्या शेजारी बसला. धोंडा हलू नये म्हणून टायरचं कडं ठेवायचं, त्यात धोंडा धरायचा आणि हातोडी घालायची. तेल प्यालेल्या त्या हातांना पहिल्याच दिवशी दुपारच्या आत फोड आले.

“सिंधे, दाल्ल्याला पदराखाली घे गं,” पलीकडच्या ढिगावरून गोजराबाई म्हणाली. “नवी नवरी हे. ऊन लागंल.”

“घेते की. तुमच्या तोंडाचा वनवा कमी झाला म्हंजे घेते,” सिंधू म्हणाली, आणि बायका हसल्या. वाल्मीक खाली मान घालून हातोडी घालत राहिला. पण त्याचा पुढचा घाव टायरच्या कड्यावर बसला.

संध्याकाळी सिंधू बाभळीच्या काट्याने फोड फोडी, पाणी काढी आणि हळद भरी. कुसाबाई कंदील जवळ धरून कांद्याच्या रोपाकडे पाहावं तशी लेकाच्या हाताकडे पाही.

“आले का गं?”

“फोड आलेत, आत्याबाई. जुने फुटलेत.”

“मंग फुटल्यावर येतील. लेकराचे हात गं माझ्या!” आणि ती डोळे पुसू लागे. सिंधू तोच काटा घेऊन मग आपल्या टाचेतली खडीची कपची काढायला बसे. तिकडे कंदील धरायला कोणी नसे, पण तिला सवय होती, तिला दिसे.

नानांच्या हुकमात पोतं उचलण्याचाही सराव होता. धान्याचं पोतं उचलायला गावात धान्याचं पोतं नव्हतं. तेव्हा कोरड्या नदीतली वाळू पोत्यात भरली आणि ती वाल्मीक रोज सकाळी नदीतून घरी आणी. नेऊन परत टाकायला जीव होत नसे, त्यामुळे दारात वाळूचा ढीग साचला. जाणारे विचारत, बांधकाम काढलं का? सावळीराम म्हणे, हो, बंगला.

चैत्रात सावळीराम बैल घेऊन चाऱ्याच्या छावणीवर राहायला गेला. छावणी लांब होती. बरेच दिवस त्याचा निरोप नव्हता. मग एक दिवस भर उन्हात तो गाडीवाटेने येताना दिसला. सिंधू पाणी घेऊन सामोरी गेली. त्याच्या खांद्यावर दोन दावी होती आणि मागे काही नव्हतं.

“थोरला बसला तो उठलाच नाय,” पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला. “धाकला देऊन टाकला. एकट्याचं काय करता?”

दावी त्याने गोठ्यात खुंटीला अडकवली. तालमीत साहेब व्हायला तो पुन्हा कधी बसला नाही.

पुढे पाऊस झाला. चांगला झाला. खडीची कामं बंद झाली, ज्याच्या त्याच्या रानात तिफणी चालू लागल्या. सावळीरामचं रान सगळ्यात शेवटी, चिमाजीचं सगळं पेरून झाल्यावर, चिमाजीच्याच बैलांनी पेरलं. त्याच्या बदल्यात बाप-लेक चिमाजीकडे राबत होते, आणि आणखी किती राबायचं हे चिमाजी बोलत नव्हता, म्हणजे पुष्कळ. सगळ्यांची बाजरी गुडघ्याला आली तेव्हा यांची उशिरा पेरलेली नुकती वर डोकं काढत होती.

आणि नवीच काळजी उभी राहिली. ओल्या मातीत काम करून वाल्मीकचे घट्टे मऊ पडायला लागले. कुसाबाईचा जीव टांगणीला लागला. मग तो रोज चिमाजीकडून आल्यावर घराच्या मागे बसून धोंडे फोडू लागला. ही खडी सरकारला नको होती, रस्त्याला नको होती, कोणालाच नको होती. वाळूच्या ढिगाशेजारी तिचा दुसरा ढीग झाला.

सिंधूला दिवस गेले होते. तिने सांगितलं नव्हतं, पण कुसाबाईने तिला चिंच खाताना नाही, तर खाऊन ओकताना पाहिलं आणि काही न बोलता त्या दिवसापासून पाण्याचा मोठा हंडा स्वतः उचलायला लागली.

श्रावणात पुंजा मुकादम येऊन ओट्यावर बसला. पान खाल्लं. वाळूकडे पाहिलं, खडीकडे पाहिलं.

“सावळीबुवा, दसऱ्याला गाडी येनार. जोडी धरू का?”

“जरा दम खा. पोराचं मनमाडला चाललंय.”

“चालंल नायतर बसंल. पर दसऱ्याच्या तोंडाला मला सांगू नका, मंग जागा नसती.” त्याने सिंधूकडे नजर टाकली. त्याला माणसाचं वजन नुसतं पाहून कळे, तो धंदाच होता. “बाई जड दिसत्ये. तरी चालंल म्हना. मोळी लहान बांधू.”

सिंधू आत गेली. आत काही काम नव्हतं. ती उगीच रिकामी पातेली एकावर एक लावत बसली.

मग मनमाडचं कार्ड आलं. नाना म्हणाले होते तसंच. उरलेल्या जागांची भरती. वाल्मीकने कार्ड मोठ्यांदा वाचलं. तारीख वाचली आणि तो थांबला. कुसाबाईने बोटांवर मोजून पाहिलं, मग पुन्हा मोजून पाहिलं.

“त्या दिशी पोळा हे,” ती म्हणाली.

साहेब लोकांच्या कॅलेंडरात तो दिवस मंगळवार होता.

“पोळ्याला मानसानं दावणीला असावं,” सावळीराम म्हणाला. “बैल धुवायचे, शिंगं रंगवायची. त्या दिशी घर सोडून कोनी जातं का?”

“दावणीला काय हे?” कुसाबाई म्हणाली.

तिला तसं म्हणायचं नव्हतं. पण म्हणून झालं होतं. सावळीराम उठून बाहेर गेला.

पोळ्याच्या दिवशी उजाडताच गाव नदीवर होतं. सालभर कोरड्या पडलेल्या नदीला पाणी होतं, गेल्या साली पोळा कोणाला गोड लागला नव्हता, त्याचं उट्टं आज काढायचं होतं. बैल पाण्यात उभे, माणसं त्यांना घासतायत, शिंगांना गेरू, पाठीवर झुली, घागऱ्यांचा आवाज. दूध दुसऱ्या घरचं असो, गूळ उधारीचा असो, घरोघर पुरण शिजत होतं.

सावळीराम अंगणात उकिडवा बसून मातीचे बैल करत होता. बैल नसलेल्या घराने मातीचे पुजायचे असतात. दोन केले. एकाचं शिंग वाळताना पडलं, ते त्याने थुंकी लावून परत बसवलं.

चिमाजी आला. फेटा बांधलेला, कपाळाला गुलाल.

“सावळीभाऊ, चाल. माझा डावा बैल तुझ्याबिगर कोनाला धरू देत नाय. मिरवणुकीत तूच धर. आन वाल्मीकला उजव्याला उभा करू.”

“तो मनमाडला चालला. मुलाखत हे.”

“आज?” चिमाजीचा चेहरा मौतीची बातमी ऐकल्यासारखा झाला. “आरं, आजच्या दिशी कोनता सायेब बसतो?”

“ज्याला बैल नसतो तो,” सावळीराम म्हणाला. मातीचे हात धोतराला पुसून तो चिमाजीमागे त्याचा डावा बैल धरायला निघाला.

कुसाबाई सिंधूला म्हणाली, “तू बी जा त्याच्यासंगं. आपल्यात पुरनाचा घाट घालायचा नाय, घरी बसून आवाजच आयकायचे ना? आन येताना त्याला एकट्याला येऊ देऊ नको. मागल्या वक्ताला कसा आला व्हता, पाहिला ना.”

नांदगावहून मनमाडची मोटार रिकामी होती. कंडक्टरने दोघांकडे पाहिलं. “पोळ्याला माहेरी का?”

“नोकरीला,” सिंधू म्हणाली.

“आज?” कंडक्टर म्हणाला, आणि तिकीट फाडलं.

वाटभर वाल्मीक खिडकीतून बाहेर पाहत तळहात एकमेकांवर घासत होता. खर्रखर्र आवाज येई. वाटेतल्या गावांत वेशीला तोरणं होती. मध्येच ड्रायव्हरला मोटार थांबवावी लागली. एक जोडी सजूनधजून रस्ता ओलांडत होती आणि मागे सगळं घरदार होतं, म्हातारी धरून. वाल्मीकने मान वळवली नाही. सिंधूने पोटावर पदर ओढून घेतला.

“सायेबानं इचारलं, काय काम करतो, तर काय सांगशाल?” तिने विचारलं.

“पडंल ते.”

“आन ‘आहे’ म्हनायचं का ‘हाय’?”

तो विचारात पडला. नानांना हे विचारायचं राहिलंच होतं. “मुंडी हालवीन,” तो म्हणाला.

गोदामाच्या फाटकाशी पोचल्यावर दोघांनाही वाटलं, दिवस चुकला. जत्रा नव्हती. कडुनिंबाखाली थोडी माणसं पायावर पाय टाकून बसली होती. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पोळ्याच्या दिवशी घराबाहेर कोण असतं, हे त्यांनी एकमेकांना विचारायची गरज नव्हती. एकाच्या अंगाखाली बैलाची जुनी झूल होती. बसायला आणली असावी. फाटकाशी म्हातारा पहारेकरी स्टुलावर बसून तंबाखू मळत होता.

वाल्मीकने कार्ड दाखवलं. खरा दिवस आजचाच होता.

नावं पुकारायला लागले. माणूस आत जाई आणि आत गेला न गेला तोच बाहेर येई. सिंधू पाहत होती. आत जाताना माणूस कसा दिसतो आणि बाहेर येताना कसा. पण तिला त्यावरून काहीच अंदाज बांधता येईना. सगळे सारखेच थकलेले दिसत होते.

वाल्मीकचं नाव आलं. तो उठला, सदरा खाली ओढला, आणि दारापासूनच दोन्ही हात उताणे धरून आत गेला.

तिने डोळे मिटून घेतले. मोळी आली डोळ्यांपुढे. फळी आली. तिने डोळे उघडले. कडुनिंबाच्या खाली मुंग्यांची ओळ चालली होती, ती पाहत बसली. कमरेत कळ येत होती. रिकाम्या मोटारीनेच हाडं जास्त हलवली होती.

तो बाहेर आला तेव्हा हात तसेच उताणे होते आणि त्यांवर एक कागद होता.

“काय झालं?”

वाल्मीक तिच्याजवळ मटकन खाली बसला. “दिली.”

“काय?”

“नोकरी. सोमवारी ये म्हनला.”

तिला बसल्या जागी आणखी बसावंसं वाटलं. तिच्या डोळ्यांपुढे दसऱ्याची गाडी आली आणि त्यांच्या दारावरून तशीच पुढे गेली. पुंजाने पान थुंकलं आणि तोही गेला. तिने त्याचे हात आपल्याकडे ओढून घेतले. बोटांच्या बुडाशी पिवळट, टणक, एकाशेजारी एक. शिमग्यापासून ज्यांना खाऊपिऊ घातलं, ते घट्टे.

“हात काय म्हनला सायेब?”

“पाहिलेच नाय.”

“आवं, दाखवले नाय का?”

“दाखवून तर उभा व्हतो! सायेब दुसराच हे ह्या वक्ताला. लिहू ऱ्हायला व्हता. वर पाहिलं, त्याला वाटलं कागद मागू ऱ्हायला. कागद ठेवला हातावर.”

“पोतं उचलाया लावलं?”

“नाय.”

“काय काम करतो म्हनून इचारलं?”

“नाय.”

“मंग इचारलं काय?”

“नाव. आन म्हनला, सोमवारी खरंच येशील ना?”

वाल्मीकचा चेहरा नोकरी लागलेल्या माणसासारखा नव्हता. कोणीतरी त्याचं काहीतरी न पाहताच परत दिल्यासारखा होता. सिंधूला त्याची दया आली, आणि भूकही लागली होती. तिने फडक्यातली भाकर काढली. तोवर शेवटचं नाव पुकारून झालं, शेवटचा माणूस बाहेर आला, त्याच्याही हातात कागद होता. झूलवाला उठला, झूल झटकली, घडी घातली. त्याच्याही हातात कागद होता.

सिंधूने भाकरीचा तुकडा वाल्मीकच्या हातात दिला आणि फाटकाकडे वळून पहारेकऱ्याला विचारलं, “बाबा, किती मानसं घेतली हो?”

म्हाताऱ्याने तंबाखू ओठाआड सारली.

“जागा अठरा व्हत्या, बाई,” तो म्हणाला. “आली चौदा.”